हट्टीचे सोने आणि मस्कीचा शिलालेख

१९१५ साली निजामाच्या राज्यातील रायचूर जिल्ह्यात सोन्याच्या शोधात हिंडणाऱ्या सी. बीडन नावाच्या खाण-अभियंत्यास मस्की गावाजवळच्या टेकडीवरील खडकावर कोरलेली काही अक्षरे आढळली. ती ब्राह्मी लिपीतील होती. त्याच वर्षी एच. कृष्णशास्त्री यांनी हैदराबाद पुरातत्त्व ग्रंथमालेच्या पहिल्या अंकात हा लेख संपादून प्रसिद्ध केला, आणि त्याच्या आरंभीच 'असोक' हे नाव स्पष्ट वाचता येते असे दिसून आले. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपी उलगडल्यापासून जे आदेशलेख वाचले गेले होते, त्यांत राजाचा उल्लेख 'देवानंपिय' व 'पियदसि' या बिरुदांनीच केलेला होता. हा पियदसि म्हणजे मौर्य सम्राट अशोक होय, हे जॉर्ज टर्नर याने सिंहलातील पाली वंशग्रंथांच्या आधारे ठरविले होते. ते अनुमान बरोबर होते. परंतु अनुमानच होते. सुमारे पाऊणशे वर्षांनी त्याला दगडावरचा पुरावा मिळाला, तो मिळवून दिला सोने शोधणाऱ्या माणसाने.

या घटनेचा उल्लेख अशोकविषयक ग्रंथांत बहुधा एका वाक्यात होतो, आणि भूविज्ञानाच्या ग्रंथांत तर होतही नाही. बीडन तेथे का हिंडत होता, हा प्रश्न मात्र लिपिशास्त्रज्ञांनी सहसा विचारलेला नाही. त्याचे उत्तर मस्कीपासून थोड्याच अंतरावर असलेल्या हट्टी येथील खडकांत आहे. हे उत्तर नीट समजून घेतल्यास, मौर्य दक्षिणेत सोन्यासाठीच उतरले होते या वारंवार मांडल्या जाणाऱ्या सिद्धान्ताची पारखही करता येते.

प्रथम गावाच्या नावाविषयी. इंग्रजी कागदपत्रांत हे नाव ज्या रीतीने लिहिले जाते, त्यावरून मराठी वाचक त्याचा उच्चार 'हुट्टी' असा करतो. ऱ्हस्व 'अ'साठी इंग्रजी 'यू' हे अक्षर योजण्याच्या जुन्या पद्धतीचा हा परिणाम होय. कानडीत हे नाव 'हट्टी' असेच लिहितात व बोलतात, आणि 'हट्टि' या कानडी शब्दाचा अर्थ गुरांचा गोठा, गुराख्यांची वस्ती, वाडी असा आहे. चुकीच्या उच्चारावरून निघणाऱ्याची दिशाभूल किती दूरवर होऊ शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे. 'हुत्त' म्हणजे कानडीत वारूळ. तेथून हेरोडोटसच्या सोने उकरणाऱ्या मुंग्या आणि महाभारताच्या सभापर्वातील 'पिपीलिक' सुवर्ण यांपर्यंत जाणे एखाद्या उत्साही संशोधकास मुळीच अवघड नाही. प्रत्यक्षात गावाचे नाव सोन्याविषयी काहीच सांगत नाही; ते सांगते ते गुरांविषयी. आणि या दुआबात नवाश्मयुगापासून गुरे राखणाऱ्यांची वस्ती होती हे पुरातत्त्वाने स्वतंत्रपणे सिद्ध झालेले आहे.

हट्टी हे रायचूर जिल्ह्यातील लिंगसुगूर तालुक्यात, कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या दुआबात वसलेले आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा मराठवाड्याप्रमाणेच हैदराबाद राज्याचा भाग होता. पुढे तो म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला. भोवतालचा प्रदेश बहुतांशी ग्रॅनाइट व पट्टिताश्म यांचा आहे. मधूनमधून गोलसर शिळांच्या टेकड्या आणि त्यांमध्ये काळ्या जमिनीची सपाटी, असे त्याचे रूप आहे. या ग्रॅनाइटी प्रदेशातून गडद हिरव्या-काळ्या खडकांचा एक अरुंद, आकड्यासारखा वाकलेला पट्टा जातो. यास हट्टी-मस्की सुभाजा पट्टा म्हणतात. दक्षिण भारतात असे अनेक पट्टे आहेत, आणि त्यांना 'धारवाड' हे नाव रॉबर्ट ब्रूस फूट याने दिले. हा तोच फूट, ज्याला १८६३ मध्ये मद्रासजवळील पल्लावरम् येथे पुराणाश्मयुगीन हातकुऱ्हाड सापडली. दक्षिण मराठा प्रदेशाच्या भूरचनेवरील त्याचा ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. दक्षिण हिंदुस्थानातील सोने मुख्यत्वे धारवाडी खडकांत आढळते हे सूत्र त्याने १८८० च्या दशकात मांडले, आणि सोन्याचा पुढील सर्व शोध या सूत्राच्या आधारे झाला. धारवाडी पट्टे उत्तरेकडे जाता जाता दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली लुप्त होतात. महाराष्ट्राच्या पठारावर सोन्याच्या खाणी का नाहीत, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या आच्छादनात आहे.

हट्टीचे खडक मुळात समुद्रतळावर ओतलेले लाव्हे होत. काही ठिकाणी त्यांचे उशीसारखे फुगवटे अजून ओळखता येतात. पाण्याखाली लाव्हा थिजल्याची ती खूण आहे. पुढे उष्णता व दाब यांमुळे या लाव्ह्यांचे अँफिबोलाइटात रूपांतर झाले. त्यानंतर या राशीत जवळजवळ उभ्या, परस्परांशी समांतर अशा कर्तनरेषा पडल्या, म्हणजे ज्यांवरून खडक घासून सरकला व चुरडला गेला असे अरुंद पट्टे निर्माण झाले. खोलातून वर येणाऱ्या उष्ण जलद्रवांना हे पट्टे वाटेसारखे उपयोगी पडले. या द्रवांत सोने गंधकाशी संयोग पावलेल्या स्थितीत विरघळलेले होते. लोहयुक्त खडकाशी संबंध येताच द्रवातील गंधक लोहाकडे ओढला गेला, पायरोटाइट व आर्सेनोपायराइट ही खनिजे तयार झाली, आणि आधार सुटल्यामुळे सोने तेथेच निक्षेपित झाले. त्या हालचालीत गारगोटीच्या पातळ पापुद्र्यांच्या शिरा पुन्हा पुन्हा भरत व फाटत गेल्या. या शिरांतील मोनाझाइट या खनिजाच्या वयमापनावरून ही घटना सुमारे २५५ कोटी वर्षांपूर्वीची ठरते.

शिरांलगतच्या खडकात जो पालट होतो, तो शोधकाच्या दृष्टीने शिरेइतकाच मोलाचा असतो. हट्टीत शिरेच्या निकट काळ्या अभ्रकाचा, म्हणजे बायोटाइटाचा पट्टा असतो. त्याच्या बाहेर क्लोराइटाचा हिरवट पट्टा. आणि त्याच्याही बाहेर मूळचा अँफिबोलाइट. गारगोटी दृष्टीस पडण्यापूर्वीच हे रंग आपण तिच्याजवळ येत असल्याची सूचना देतात. सोन्यासोबत थोड्या प्रमाणात कॅल्कोपायराइट, स्फॅलेराइट व गॅलेना, म्हणजे अनुक्रमे तांबे, जस्त व शिसे यांची धातुके असतात, आणि टंगस्टनचे शीलाइट हे खनिजही आढळते. या क्षुद्र धातूंचे प्रमाण हट्टीत स्वतंत्र उत्पादनास पुरेसे नाही. त्यांच्यासाठी दक्षिणेकडे चित्रदुर्गाच्या पट्ट्यातील इंगळदाळसारख्या ठिकाणी जावे लागते. तेथेही जुनी खोदकामे होती, आणि तेथील तांब्याची खाण पुढे हट्टीच्याच कंपनीकडे आली. हट्टीच्या शिरा उत्तर-वायव्येकडून दक्षिण-आग्नेयेकडे जातात व पश्चिमेकडे तीव्र उताराने खाली उतरतात. त्यांची नावे मेन रीफ, ओकलीज रीफ, व्हिलेज रीफ, प्रॉस्पेक्ट रीफ अशी आहेत; कानडी गावाच्या पोटात इंग्रजी नावांची ही एक स्वतंत्र वसाहतच होय.

ही सर्व भूरचना आज आपण क्रमाने सांगू शकतो. परंतु हट्टीचा शोध या क्रमाने लागलेला नाही. प्रथम दिसले ते मनुष्याचे काम. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात युरोपीय शोधक या दुआबात आले, तेव्हा त्यांना अर्धवट बुजलेले लांबोळे खड्डे, गारगोटीच्या चुऱ्याचे ढीग आणि उघड्या खडकावर धातुक कुटण्यासाठी वापरलेले वाटीएवढे खळगे दिसले. अशा खुणांचे महत्त्व त्यांना कोलारने शिकविले होते. कोलारास १८०२ मध्ये लेफ्टनंट जॉन वॉरन याने गावकऱ्यांच्या सांगण्यावरून सोन्याची पाहणी केली होती, आणि १८७० च्या दशकात मायकेल लव्हेल याने तेथे पट्टा मिळविला. तथापि तेथे उतरलेल्या कंपन्यांचे भांडवल संपत आले, तरी म्हणण्यासारखे सोने मिळेना. शेवटी १८८३ च्या सुमारास जुन्या लोकांच्या खड्ड्यांच्या तळाखाली जाऊन पाहिल्यावर चॅम्पियन शीर हाती लागली. तेव्हापासून 'जुने खड्डे शोधा आणि त्यांच्याखाली जा' हा दक्षिणेतील सुवर्णशोधाचा नियमच होऊन बसला. फूटच्या धारवाडी सूत्रानेही या नियमास बळकटीच दिली, कारण जुने खड्डेही त्याच खडकांत होते. ज्यांनी ते खड्डे खोदले, त्यांना ते सूत्र कोणी सांगितले नव्हते. पण त्यांचा डोळा तेथेच गेला होता.

निजामाच्या राज्यातील खनिजांचा मक्ता १८८६ मध्ये लंडन येथे स्थापन झालेल्या हैदराबाद (डेक्कन) कंपनीकडे गेला. त्या मक्त्याच्या व भागविक्रीच्या व्यवहाराची इतकी बोंब झाली, की १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने त्यासाठी चौकशी समिती नेमली. त्या प्रकरणाचा विस्तार येथे आवश्यक नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की दुआबातील जुन्या खोदकामांची पद्धतशीर नोंद याच काळात होऊ लागली आणि वंदल्ली, तोपलदोड्डी, हट्टी ही नावे खाणींच्या अहवालांत येऊ लागली. हट्टी येथे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत उत्पादन झाले. १९२० च्या सुमारास खाण बंद पडली व तिच्यात पाणी भरले. १९३७ नंतर निजाम सरकारने पुन्हा पाहणी सुरू केली. १९४७ मध्ये हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी स्थापन झाली, आणि राज्यपुनर्रचनेच्या वर्षी तिचे नाव बदलून हट्टी गोल्ड माइन्स कंपनी असे झाले. कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्यापासून भारतात खडकातून काढल्या जाणाऱ्या सोन्याचे मुख्य उत्पादन हट्टीतच होत आले आहे. त्याच पट्ट्यातील उटी व हिरा-बुद्दिन्नी ही ठिकाणेही पुढे तिला जोडली गेली.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कामात जे उघडकीस आले, ते कोलारच्या अनुभवानंतरही चकित करणारे होते. हैदराबाद संस्थानाच्या सेवेतील भूवैज्ञानिक लिओनार्ड मन याने नोंदविल्याप्रमाणे हट्टीची जुनी खोदकामे ६४० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १९५ मीटर खोल गेलेली होती. दारूगोळा नाही, पंप नाहीत, लोखंडी दोरखंड नाहीत, अशा अवस्थेत ही खोली गाठली गेली. खडक फोडण्याची रीत काजळी व कोळसा यांवरून कळते: शिरेच्या तोंडाशी लाकडे पेटवावयाची, खडक तापून तडकला म्हणजे छिन्नी व पहार यांनी तो सोडवावयाचा. या रीतीला लाकूड अतोनात लागते, आणि धूर बाहेर जाण्यास वाट लागते. भूजलपातळीखाली उतरल्यावर पाणी सतत उपसावे लागते. त्यामुळे एवढ्या खोलीवरचे काम हंगामी सोने धुणाऱ्या चार कुटुंबांचे असू शकत नाही. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले कौशल्य होते, आणि मोठ्या प्रमाणावर अन्न, इंधन व मनुष्यबळ पुरविण्याची व्यवस्था होती. ती कोणाची?

या प्रश्नाला मस्कीच्या लेखाने एक तयार उत्तर पुरविले. लवकरच त्याला आणखी आधार मिळत गेले. कर्नूल जिल्ह्यातील एर्रगुडी येथे अशोकाचे चौदा मुख्य आदेश व गौण आदेश एकत्र सापडले, ते १९२८-२९ च्या सुमारास अनु घोष या भूवैज्ञानिकाच्या दृष्टीस पडले. आणि एर्रगुडीजवळच जोन्नगिरीचे सुवर्णक्षेत्र आहे. १९३१ मध्ये कोप्पळ येथे गविमठ व पाल्किगुंडु या टेकड्यांवरील लेख उजेडात आले. ब्रह्मगिरी, सिद्धापूर व जटिंग-रामेश्वर येथील लेख बी. एल. राइस याने आधीच, १८९१-९२ मध्ये, शोधलेले होते. तेही धारवाडी पट्ट्यांच्या प्रदेशातच आहेत. ब्रह्मगिरीच्या लेखात तर हा आदेश 'सुवंणगिरि' येथील आर्यपुत्राच्या व महामात्रांच्या वतीने इसिल येथील महामात्रांना पाठविल्याचे म्हटले आहे. दक्षिणेतील राजप्रतिनिधीचे ठाणेच 'सोन्याचा डोंगर' या नावाचे! यात कौटिलीय अर्थशास्त्राची भर पडली. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथात उत्तरेच्या व दक्षिणेच्या व्यापारी मार्गांची तुलना करताना, शंख, हिरे, रत्ने, मोती व सोने ही दक्षिणापथात अधिक आहेत असे मत मांडलेले आहे. त्याच ग्रंथात आकराध्यक्षाने पूर्वी चाललेली खाण कीट, मुशी, कोळसा व राख या खुणांवरून ओळखावी असेही सांगितले आहे. युरोपीय शोधकांचा जुन्या खड्ड्यांचा नियम तसा नवा नव्हता.

इतका पुरावा जुळून आल्यावर निष्कर्ष आपोआप निघतो असे वाटते. एफ. आर. ऑलचिन यांनी हट्टीजवळच्या पिक्लिहाळ येथे १९५२ मध्ये उत्खनन केले होते, म्हणजे हा प्रदेश त्यांच्या पायाखालचा होता. प्राचीन भारतातील सुवर्णखननाविषयी त्यांनी १९६२ मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात ग्रंथांचा व भूमीवरील खुणांचा पुरावा प्रथमच एकत्र तपासला गेला. त्यानंतरच्या लेखनात मात्र त्यातील सावधपणा गळून पडला, आणि 'अशोकाच्या सोन्याच्या खाणी' हा शब्दप्रयोग रूढ झाला. तो कितपत टिकतो हे पाहण्यासाठी पुराव्याचा एकेक धागा सुटा करून ओढून पाहिला पाहिजे.

पहिला धागा लेखांच्या सान्निध्याचा. लेख सुवर्णक्षेत्रांजवळ आहेत हे खरे. पण धारवाडी पट्टे या प्रदेशात सर्वत्र विखुरलेले आहेत, आणि त्यांतील जुन्या खोदकामांची संख्या मोठी आहे. रायचूर, बल्लारी, चित्रदुर्ग किंवा कर्नूल येथे कोणत्याही खडकावर लेख कोरला, तरी एखादे जुने खोदकाम फारसे दूर असणार नाही. याउलट भीमेच्या काठी सन्नती येथे १९८९ मध्ये अशोकाचे आदेश सापडले, तेथे सोन्याचे क्षेत्र नाही. आपल्याकडील सोपारा येथेही नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की शोधाची पद्धतच येथे पक्षपाती आहे. जेथे सोने असण्याचा संभव, तेथेच भूवैज्ञानिक खडकन्‌खडक पाहत हिंडतो. म्हणून त्याला सापडणारे लेख सोन्याजवळच सापडणार. बीडन व घोष यांचे श्रेय याने कमी होत नाही. परंतु दिवा जेथे लावला तेथेच प्रकाश पडला, या गोष्टीला इतिहासाचा पुरावा म्हणता येत नाही.

दुसरा धागा खुद्द लेखांचा. मस्कीचा लेख हा अशोकाच्या पहिल्या गौण आदेशाची एक प्रत आहे. राजाचा धर्मविषयक उद्योग आणि लहानथोर सर्वांना त्याचे फळ मिळू शकते हा उपदेश, एवढाच त्याचा विषय आहे. सोने, खाण, कर यांविषयी त्यात अक्षरही नाही. राजाचे नाव पुढे मध्य प्रदेशातील गुजर्रा, तसेच बल्लारी जिल्ह्यातील निट्टूर व उडेगोळम् येथील लेखांतही आढळले. ब्रह्मगिरीच्या गटातील लेखांचा लेखक चपड याने आपल्या नावापुढे 'लिपिकरेण' हा शब्द खरोष्ठीत लिहिला आहे. वायव्येकडच्या लिपीत मुरलेला लेखनिक दक्षिणेच्या या टोकापर्यंत आणला गेला होता, हे यावरून दिसते. राज्याच्या शासनयंत्रणेचा पल्ला त्यातून सिद्ध होतो. त्या यंत्रणेचे प्रयोजन मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

तिसरा धागा स्थलनामांचा, आणि तो सर्वांत मोहक असल्यामुळे सर्वांत धोक्याचा आहे. सुवर्णगिरी म्हणजे मस्कीच्या दक्षिणेचे कनकगिरी, असे काही विद्वानांनी सुचविले; इतरांनी जोन्नगिरीकडे बोट दाखविले. कनकगिरीविषयी अडचण अशी की हे नाव शुद्ध तत्सम आहे. लोकांच्या तोंडी बावीसशे वर्षे राहिलेले नाव झिजल्याशिवाय राहत नाही. मस्कीचेच उदाहरण पाहावे: मध्ययुगीन लेखांत त्याचे रूप 'मोसंगि' असे आहे. जे नाव अगदी अभंग दिसते, ते बहुधा नंतरच्या सुशिक्षितांनी ठेवलेले किंवा सजविलेले असते. आणि 'सुवर्ण' जाऊन त्याच्या जागी पर्याय म्हणून 'कनक' येणे हे कोशाचे काम आहे, बोलीचे नव्हे. जोन्नगिरीचा संबंध प्राकृत 'सोण्ण' या रूपाशी जोडता येईल असे म्हणतात. याच 'सोण्ण'पासून आपले 'सोने' आले. परंतु तसे म्हणण्यापूर्वी आद्य 'स'चा 'ज' कसा झाला हे दाखवावे लागेल. तेलुगूत 'जोन्न' हा शब्द आजही रोजच्या वापरात आहे, आणि त्याचा अर्थ ज्वारी असा आहे. ज्वारीच्या मुलखात ज्वारीचा डोंगर असावयास काय हरकत आहे? याउलट 'होन्नाळी' हे स्थलनाम विचारात घेण्याजोगे आहे. जुन्या कानडीतील 'पोन्' याचे मध्य कानडीत 'होन्' झाले, हे ध्वनिपरिवर्तन नियमित आहे, आणि होन्नाळी येथे खरोखरच सुवर्णक्षेत्र आहे. मराठीतील 'होन' हे नाण्याचे नाव याच कानडी शब्दापासून आलेले आहे. मात्र 'प'चा 'ह' झाल्यानंतरचे हे रूप मौर्यकाळाविषयी काहीच सांगू शकत नाही. बुद्दिन्नीच्या बाबतीतही 'बूदि' म्हणजे राख व 'दिन्ने' म्हणजे टेकाड, अशी फोड करण्याचा मोह होतो. ती बरोबर ठरली, तर नवाश्मयुगीन गोठ्यांच्या राखेची टेकाडे या प्रदेशात आहेत त्यांच्याशी तिचा संबंध लागेल. पण तेथेही नाव गुरांकडेच नेते.

अर्थशास्त्राचा पुरावाही वाटतो तितका सरळ नाही. मुंबई विद्यापीठाने प्रकाशित केलेली रा. प. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती १९६० पासून उपलब्ध झाल्यावर या ग्रंथाच्या पाठाविषयी बरीच निश्चिती आली. काळाविषयी मात्र आली नाही. टॉमस ट्राउटमन यांनी १९७१ मध्ये अव्ययांच्या व वाक्यरचनेच्या संख्याशास्त्रीय मोजणीवरून या ग्रंथात एकाहून अधिक हात असल्याचे दाखविले. दक्षिणेतील सोन्याविषयीचे वाक्य चंद्रगुप्ताच्या प्रधानाचे आहे असे गृहीत धरून चालणे तेव्हापासून कठीण झाले आहे. शिवाय कीट व मुशी या खुणा धातुक वितळविणाऱ्या खाणींच्या आहेत. हट्टीचे सोने गारगोटीत मोकळ्या कणांच्या रूपात मिळते. ते कुटून व धुऊन काढीत, म्हणून तेथील मुख्य खूण कुटण्याच्या खळग्यांची आहे, आणि ती ग्रंथात नाही.

राहिला शेवटचा धागा, खाणीतील लाकडाचा. हट्टीच्या खोल जुन्या कामांतील लाकडांचे रेडिओकार्बन पद्धतीने वय काढले असता ते सुमारे दोन हजार वर्षांचे, म्हणजे ख्रिस्ती सनाच्या आरंभाच्या आसपासचे निघाले. हा काळ अशोकानंतर सुमारे दोन-अडीच शतकांचा, दख्खनवर सातवाहनांची सत्ता असतानाचा आहे. वरवर पाहता याने मौर्यांचा दावा निकालात निघतो. पण खाणीचे शास्त्र येथे थोडे थांबावयास सांगते. खाण वरून खाली जाते. खोलातले लाकूड हे त्या कामाच्या शेवटच्या अवस्थेचे असते. पहिले शंभर-दोनशे फूट खोदण्यास किती पिढ्या लागल्या हे त्यावरून कळत नाही. त्यामुळे वरच्या थरांतील काम मौर्यकालीन किंवा त्याहूनही जुने असू शकते. तेक्कलकोट येथील नवाश्मयुगीन वस्तीत सोन्याचे अलंकार मिळालेलेच आहेत. मात्र दुसऱ्या बाजूने हेही ध्यानात घ्यावे लागते की रेडिओकार्बनने कळते ते झाड वाढल्याचे वर्ष, खांब रोवल्याचे नव्हे. जुन्या झाडाच्या गाभ्यातील किंवा पुन्हा वापरलेल्या लाकडाचे वय प्रत्यक्ष कामाच्या काळापेक्षा जास्तच येणार. ही चूक झाली असेल, तर खोल काम ख्रिस्ती सनाच्या आणखी अलीकडे सरकेल. ते मौर्यांकडे सरकणार नाही.

तेव्हा आजच्या पुराव्यावर एवढे म्हणता येते. हट्टीच्या जुन्या खाणीचा भरभराटीचा काळ मौर्योत्तर आहे. मौर्यांना या सोन्याची माहिती असणे संभाव्य आहे, आणि त्यांचे अधिकारी या खाणींपासून फार दूर नव्हते. परंतु त्यांनी या खाणी चालविल्या, किंवा त्यांच्यासाठी ते दक्षिणेत आले, असे सांगणारा पुरावा खडकावरही नाही आणि खडकाच्या पोटातही नाही. मोहेंजोदडोच्या सोन्यातील रुप्याच्या अंशावरून ते कोलारकडून गेले असावे, असे एडविन पॅस्को यांनी १९३१ मध्ये सुचविले होते. त्या सूचनेचेही असेच झाले: प्रथम संभव, मग पाठ्यपुस्तकातील विधान. सिंधूच्या वाळूतही सोने आहे हे त्या पाठ्यपुस्तकांनी लक्षात घेतले नाही.

वरच्या थरांतील कामाचा काळ ठरविणे तत्त्वतः अवघड नाही. उथळ खड्ड्यांच्या भिंतींवरील काजळी, भरावातील कोळशाचे बारीक तुकडे, कुटण्याच्या खळग्यांभोवतीची खापरे यांचे क्रमवार नमुने घेता आले, तर प्रश्न पुष्कळसा सुटेल. बारीक फांद्यांचा कोळसा खांबांच्या लाकडापेक्षा अधिक विश्वसनीय असतो, कारण फांदी तोडताना तिचे वय थोडे असते. अडचण वेगळीच आहे. जुन्या लोकांनी टाकून दिलेल्या चुऱ्यात आजच्या रासायनिक पद्धतींनी निघण्याइतके सोने शिल्लक असू शकते, आणि उथळ खोदकामांच्या भोवतालचा खडक उघड्या खाणीसाठी सर्वांत सोयीचा असतो. म्हणजे ज्या खुणांनी आधुनिक शोधकाला हट्टीपर्यंत आणले, त्याच खुणा त्याच्या कामात सर्वांत आधी खर्ची पडतात. मस्कीचा खडक संरक्षित स्मारक म्हणून जपलेला आहे. त्यावर अक्षरे आहेत. खळग्यांच्या खडकांवर अक्षरे नाहीत. हट्टीच्या पट्ट्यातील अशा खडकांची व उथळ खड्ड्यांची, मन याने आपल्या काळी केली तशी पण आजच्या मोजमापाने, गाववार यादी करण्याचे काम भूविज्ञान व पुरातत्त्व या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून करण्यासारखे आहे. आणि गावांची नावे त्या यादीत इंग्रजी नकाशांवरून न उतरविता गावात जाऊन, ऐकून लिहावयास हवीत.